स्पीकरचा आवाज : वॅटचा आकडा आणि कागद-कापडाचे काम

घरासाठी स्पीकर घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो आणि सौदा होतो. कापडाच्या दुकानात येऊन कोणी फक्त थानाचे वजन पाहून सूटपीस पसंत करावे, तसलाच हा प्रकार आहे. वजनावरून कापडाचा पोत कळत नाही आणि वॅटवरून आवाजाची जात कळत नाही.

त्यातही खोक्यावर ‘पी.एम.पी.ओ. १००० वॅट’ असे छापलेले असेल तर तो आकडा सरळ बाजूला ठेवावा. या मापाचे सर्वमान्य प्रमाण कोणी ठरवलेलेच नाही, ज्याला जेवढा वाटेल तेवढा आकडा तो छापतो. खरा हिशोब आर.एम.एस. वॅटचा. तोही लिहिलेला नसेल तर सोबत आलेला अडॅप्टर उचलून पाहावा. त्यावर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल तर गुणाकार १० वॅट होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दहा वॅट घेणारी पेटी सतत हजार वॅट देऊ शकत नाही, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही.

वॅटपेक्षा जास्त कामाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा आहे. स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हे माप. एक स्पीकर ८७ डेसिबलचा आणि दुसरा ९० चा असेल, तर दोघांचा आवाज सारखा करायला पहिल्याला दुप्पट वॅट द्यावे लागतात. घरच्या खोलीत आपण रोज ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होत असतात. मोठ्या आकड्याला भुलून दिलेले पैसे वापरातच येत नाहीत.

मग चांगला स्पीकर ओळखायचा कसा? माझ्या मते आपल्या घरांसाठी किरअतीसारखी कसोटी नाही. (संगीताचा विषय मी येथे घेत नाही, त्याबद्दल घरोघरी मते वेगळी आहेत.) कारी महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण पूर्ण केले. त्यांचा प्रत्येक हर्फ सुटा आणि मोजलेला असतो. उर्दू बोलताना आपण से, सीन आणि स्वाद हे तिन्ही एकसारखेच उच्चारतो, पण तजवीदमध्ये तिघांचे मखरज वेगळे. बोलण्यातल्या ‘स’चा बराचसा आवाज ४००० हर्ट्झच्या वर असतो. साध्या टेलिफोनची मर्यादा ३४०० हर्ट्झ होती, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होत असे. ज्या स्पीकरवर सीन आणि से वेगळे ऐकू येत नाहीत, त्याचा बारीक आवाज कमजोर आहे. उलट सीन कानाला टोचत असेल, सुईसारखा लागत असेल, तर बारीक आवाज मुद्दाम चढवलेला आहे. असा स्पीकर दुकानात चमकदार वाटतो आणि घरी अर्ध्या तासात डोके दुखवतो.

दुसरी कसोटी कारी अब्दुल बासित अब्दुस्समद यांची. त्यांचा लांब श्वास आणि वर चढत जाणारा स्वर सर्वांना माहीत आहे. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झला असतो आणि स्वस्त पेट्या नेमक्या याच जागी घुमतात. कारी रांजणात तोंड घालून वाचत आहेत असे वाटले तर ती पेटी घेऊ नये.

माणसाच्या आवाजावर स्पीकर पारखणे ही काही आपली अजब कल्पना नाही. बी.बी.सी.च्या इंजिनिअरांची हीच रीत होती. ओळखीचा माणूस प्रत्यक्ष बोलायचा, तोच आवाज स्पीकरमधून ऐकायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. त्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एल.एस. ३/५ ए नावाची पेटी तयार केली. उंची सुमारे ३० सेंटीमीटर, रुंदी १९. खोल आवाज तिला जमत नाही, सेन्सिटिव्हिटी तर ८३ च्या आसपास, म्हणजे बाजारात आकड्यांवर विकायला निघाली असती तर कोणी हात लावला नसता. पण माणसाचा आवाज इतका खरा की अनेक वर्षे लोक ती घरासाठी शोधून घेत राहिले. मला विचाराल तर घरगुती स्पीकरमध्ये माझी पहिली पसंती या जातीला. दुसरी पसंती जुन्या लाकडी रेडिओ सेटच्या कागदी स्पीकरला. त्याचा पल्ला थोडा असतो, पण बातम्या आणि तकरीर ऐकाव्यात तर त्यावरच.

आत काय असते

आजचा स्पीकर मुळात १९२५ चाच आहे. त्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी लोहचुंबकाच्या खाचेत तारेची कॉइल हलवून कागदाचा कोन हलवण्याची रीत मांडली. तेव्हापासून माल बदलला, रीत तीच राहिली.

कोनासाठी कागद का, तर तो हलका असतो, ताठ असतो आणि स्वतः वाजत नाही. तवा बोटाने वाजवा आणि पुठ्ठा वाजवा. तवा घुमत राहतो, पुठ्ठा लगेच गप्प होतो. कोनाने फक्त दिलेला आवाज द्यावा, पदरचा घालू नये. कागदाचाच आग्रह धरावा असेही नाही. वर सांगितलेल्या बी.बी.सी.च्या पेटीतला मोठा कोन प्लास्टिकच्या जातीचा होता.

कॉइलला खाचेच्या बरोबर मध्ये धरून ठेवणारी जी गोल सुरकुत्यांची चकती असते, तिला कारागीर स्पायडर म्हणतात. ती चकती म्हणजे विणलेले कापड. सुती कापड रेझिनमध्ये बुडवायचे आणि तापलेल्या साच्यात दाबायचे, की त्याला घड्या कायमच्या बसतात. त्या घडीत ताण कमी-जास्त झाला की कॉइल एका अंगाला जाते आणि खरखर सुरू होते. कोनाच्या कडेची पट्टीही कापडाची, रबराची किंवा फोमची असते. फोमची पट्टी आपल्या उन्हापावसात दहा-पंधरा वर्षांत भुसा होऊन गळते. लेप दिलेल्या कापडाची पट्टी मात्र चाळीस-पन्नास वर्षांच्या रेडिओतही धडधाकट सापडते.

पेटी आणि कापूस

पेटी हे सुताराचे काम आहे आणि अर्धा आवाज तिच्यात आहे. कोनाच्या मागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळला तर दोघे एकमेकांना खातात, म्हणून पेटी हवी. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी ए.आर.-१ ही पेटी काढली. तोपर्यंत खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागत असे. त्यांनी छोटी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. पुढे ऑस्ट्रेलियाचे थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर स्मॉल यांनी पेटीचे माप गणिताने काढण्याची पद्धत पक्की केली. म्हणून चांगल्या स्पीकरसोबत कंपनीचे पत्रक मागावे. त्यातल्या आकड्यांवरून किती लिटरची पेटी हवी ते निघते. आतून २५ × ३० × ४० सेंटीमीटर म्हणजे ३० लिटर. सुताराला ‘दिसायला बरी दिसेल तेवढी कर’ असे सांगू नये.

हवाबंद पेटीची परीक्षा सोपी आहे. मोठा कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा आणि हळूच आत दाबून सोडावा. तो सावकाश बाहेर आला तर सांधे पक्के आहेत, झटकन आला तर हवा कुठेतरी निसटते. (पुढे नळी असलेल्या पेटीला ही परीक्षा लागू नाही.)

पेटीच्या आत भरण लागते. येथे आपल्या पिंजारी, मन्सुरी भावांचा हुनर कामाला येतो. मोकळा पिंजलेला कापूस, लोकर किंवा रजईत भरतात तो पॉलिएस्टरचा धागा, यांपैकी काहीही चालते. आतल्या भिंतींवर आपटून परतणारा आवाज त्यात मुरतो आणि हवाबंद पेटी आहे त्यापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते. कापूस ठासून भरला तर खोल आवाज मरतो. कापूस पावसाळ्यात ओल धरतो आणि वर्षभरात खाली बसतो, म्हणून पेटीसाठी मी पॉलिएस्टर बरा म्हणेन. कापूसच हवा असेल तर पातळ जाळीदार कापडाच्या पिशवीत शिवून आत टाचावा.

हे सारे विलायतेतच होते असे नाही. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासूनची आहे आणि पुण्याच्या कॅडन्सने तर पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचे स्पीकर बनवून परदेशात विकले.

पुढचे कापड

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. स्पीकरच्या पुढे जे कापड लावतात ते शोभेचे समजून लोक काहीही लावतात. मखमल, जाड छापील परदा, कधी रेक्झिनसुद्धा! आवाज अडला की मग स्पीकरला दोष. ए.आर.च्या पेट्यांवर लिननचे उघड्या विणीचे कापड असे. बी.बी.सी.च्या त्या पेटीवर टायगन नावाचे प्लास्टिकच्या धाग्याचे कापड लावत आणि कापडासकट आवाज कसा येतो ते पाहूनच पेटीचे काम झालेले होते.

कापड निवडताना दुहेरी घडी तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे. मग किरअत लावून तेच कापड लहान स्पीकरपुढे धरावे आणि काढावे. सीन मंद झाला तर कापड परत ठेवावे. ग्रे कापडात कांजी असते, ती विणीची छिद्रे बुजवते, तेव्हा धुऊन मगच परीक्षा घ्यावी. पिगमेंटची छपाई टाळावी, कारण तिचा चिकट लेप धाग्यांमध्ये बसतो.

मालेगावचे आपले विणकर रीड आणि पीक कमी करून उघडे कापड सहज काढतील, पण साध्या विणीत ते फार उघडे झाले की धागे सरकतात आणि चौकटीवर ताणताना वाट पडते. लीनोची वीण असेल तर धागा जागच्या जागी राहतो. सुती कापड आमच्याकडच्या पावसाळ्यात एकदा आक्रसते आणि एकदा ढिले पडते. पॉलिएस्टरच्या होजियरीला ही खोड नाही, म्हणून कारखाने तीच वापरतात.

खपाचा हिशोब असा. पेटीचा पुढचा भाग ३० × ५० सेंटीमीटर धरला आणि चारी बाजूंना मागे दुमडायला ५ सेंटीमीटर सोडले, तर ४० × ६० चा तुकडा लागतो. १५० सेंटीमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे चार बसतात, म्हणजे दोन जोड्या. कटपीसमध्ये पडून राहिलेला माल याच कामाला जातो, फक्त विणीचा विचार करून वेगळा काढून ठेवायला हवा.

खोलीत कापड लागते ते वेगळे. जुन्या नाशिकच्या वाड्यात मातीच्या जाड भिंती, लाकडी पाटण, गाद्या-तक्के, त्यामुळे आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो. वडाळा रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी आणि वर कोरा स्लॅब. तेथे चांगला स्पीकरही न्हाणीघरात ठेवल्यासारखा वाजतो. अशा गिऱ्हाइकाला पडदा विकताना एक मीटर खिडकीला दोन मीटर कापड चुण्या घालून द्यावे आणि ते भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे टांगायला सांगावे. भिंतीला चिकटलेला पातळ पडदा फक्त अगदी बारीक आवाज शोषतो. मात्र पडद्याने सगळे बरे होईल असे सांगून माल खपवू नये. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते, तिला पडदा कळतसुद्धा नाही. खोल आवाज घुमत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणावा. तो उपाय फुकटचा आहे.

जुना माल

आज लोक ब्ल्यूटूथची डबी घेतात आणि लाकडी पेट्या भंगारात देतात. भद्रकालीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा पेट्यांकडे हुशार माणसाने लक्ष ठेवावे. पट्टी गळलेली असेल तर ती बदलता येते, कोन-कॉइल बदलता येते. हातात कला असलेल्या मुलाला यात काम आहे. विकताना मात्र काय बदलले ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मालातला ऐब लपवून केलेल्या विक्रीबद्दल शरीअतचा हुकूम आपल्याला माहीत आहेच, आणि कळल्यावर गिऱ्हाईक माल परत आणण्याचा हक्क राखून असते.

जुनी जोडी घेताना खिशात दीड व्होल्टचा एक सेल ठेवावा. सेलच्या दोन तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावल्या की खट् आवाज येऊन कोन हलतो. आवाजच आला नाही तर कॉइल जळालेली आहे. सेलचा अधिक लाल टोकाला लावल्यावर कोन बाहेर यावा. जोडीतला एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल, तर कोणीतरी दुरुस्तीत तारा उलट्या जोडल्या आहेत. अशी जोडी एकत्र वाजवली की खोल आवाज नाहीसा होतो आणि कारी कुठे बसून वाचत आहेत तेच समजत नाही. एका पेटीच्या तारा पालटल्या की काम होते, पण ही गोष्ट भाव ठरवण्याआधी तपासावी.