तळ उठवण्याआधी

मी मंडी मोहल्ल्यात राहतो. म्हैसूर पाहायला आलेल्या मराठी पाहुण्यांना श्रीरंगपट्टण दाखवणे ओघानेच येते. तिथे प्रश्न ठरलेला: पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध इंग्रज आणि निजामाबरोबर इथवर आले, मग किल्ला न घेता परतले कसे? उत्तरे देता देता काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या.

१. आधी हमी, मग माघार. फेब्रुवारी १७९२ मध्ये टिपूने तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले. निम्मे लगेच, उरलेले हप्त्यांनी. वसुलीसाठी फौजा थांबल्या असत्या तर खर्चानेच खंडणी खाल्ली असती. म्हणून टिपूचे दोन मुलगे ओलीस घेतले. फौजांना परतीची वाट मोकळी झाली.

२. मुलखाच्या याद्या जुळेपर्यंत मोर्चे सोडू नयेत. निम्मे राज्य द्यायचे ठरले, पण कोणते निम्मे? यादीत कुर्ग दिसताच टिपू बिथरला. इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिसने वेढ्याची तयारी पुन्हा सुरू केली आणि १८ मार्चला तह पक्का झाला. तळ आधीच हलला असता तर त्या धाकाला कोणी विचारले नसते.

३. जिंकलेले सगळे ठेवायचे नसते. १७९१ मध्ये झुंजून घेतलेला बंगळूरचा किल्ला इंग्रजांनी तहानंतर टिपूला परत दिला. पाहुण्यांना हे पटत नाही. पण ठाणे राखायचे तर शिबंदी पोसावी लागते. बोलणीत मात्र तेच ठाणे कामी येते.

४. ओलीस हप्त्यांची हमी देतात, सलोख्याची नाही. मुले १७९४ मध्ये घरी परतली. १७९९ मध्ये इंग्रजी आणि निजामी फौजा पुन्हा याच तटाखाली होत्या.

५. ‘राज्य परत दिले’ असे ऐकले की कलमे वाचावीत. पन्नास वर्षांचा कारभार आटोपून इंग्रजांनी २५ मार्च १८८१ रोजी म्हैसूर संस्थान राजे चामराजेंद्र वडियार यांच्या स्वाधीन केले, पण बंगळूरची छावणी स्वतःकडे ठेवली. बदल्यात श्रीरंगपट्टण दिले. छावणी संस्थानाकडे यायला जुलै १९४७ उजाडला. म्हणून आजही कुठे मुलूख सुपूर्द झाल्याची बातमी आली, की समारंभाचे फोटो सोडून मी आधी पाहतो: छावणी कोणाकडे राहिली?