गाडीचा जेट किती नंबरचा?

वऱ्हाडात आता बैलजोडी नसलेल्या दारातही मोटारसायकल उभी दिसते. परतवाड्याला दूध न्यायचे असो, संत्र्याच्या बागेत औषध न्यायचे असो, की आजारी माणसाला अमरावतीला दाखवायचे असो, गाडीवाचून काम अडते. म्हणून गाडीच्या पोटातल्या एका लहानशा वस्तूची माहिती आज आपण घेऊ. ती वस्तू म्हणजे कार्बोरेटरचा जेट.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचा कडक नियम लागू झाला. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जवळजवळ राहिला नाही. पेट्रोल किती सोडायचे ते आता यंत्रच मोजते. पण जुन्या गाड्या काही सगळ्या मोडीत निघाल्या नाहीत. राजदूत, येझदी, यामाहाची आरएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, जुनी स्प्लेंडर अशा गाड्या अजून धावतात. हा पाठ त्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी आहे.

कार्बोरेटरचे काम एकच. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करून इंजिनाला देणे. इंजिन हवा आत ओढते. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोराने जाते. त्या ओढीने खालच्या वाटीतले पेट्रोल वर येते आणि त्याचा फवारा होतो. वर येताना ते पितळेच्या एका छोट्या बोंडातून येते. त्या बोंडाला मधोमध बारीक भोक असते. हाच जेट. बागेतल्या ठिबकच्या नळीला थेंब मोजून सोडणारे तोंड असते ना, तसेच हे समजा. भोक जेवढे, पेट्रोल तेवढे.

आता हे माप किती नाजूक आहे ते बघा. एक लिटर पेट्रोल पुरते जाळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. म्हणजे एक लहानशी खोली भरून हवा! वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. पेट्रोल याहून फार वाढले तर धूर होतो आणि पैसा जातो. फार कमी झाले तर इंजिन तापते.

गाडीत एकच जेट नसतो. गाडी जागेवर उभी राहून चालते किंवा हळू जाते तेव्हा लहान जेटचे काम असते. त्याला पायलट जेट किंवा स्लो जेट म्हणतात. मूठ मध्यावर असते तेव्हा मुख्यतः सुई पेट्रोल मोजते. मूठ पाऊण भागाच्या पुढे पिळली की मेन जेटचा अंमल सुरू होतो. म्हणून गाडी हळू चालवताना त्रास देत असेल तर मेन जेट बदलून काहीच होत नाही. पुष्कळ लोकांचे पैसे येथेच वाया जातात.

जेट बाहेर काढला तर त्याच्या अंगावर आकडा कोरलेला दिसेल. आकडा फार बारीक असतो. उजेडात धरून वाचावा, भिंग असले तर आणखी चांगले. केईहिन बनावटीच्या मेन जेटवर १०० लिहिले असेल तर भोक एक मिलिमीटरचे आहे. ९० लिहिले असेल तर एका मिलिमीटरच्या दहा भागांपैकी नऊ भाग. मिकुनीच्या नेहमीच्या जेटवरचा आकडा मात्र भोकाचा नसतो, त्यातून किती पेट्रोल वाहते त्याचा असतो. म्हणून एका कंपनीच्या ९० च्या जागी दुसऱ्या कंपनीचा ९० घालू नये. आकडा सारखा, पण माप वेगळे.

येथे थोडे गणित करू. ८० चा जेट काढून ९० चा घातला. दिसायला फरक दहाचा. पण भोक गोल असते, आणि गोल भोकातून किती वाहील हे रुंदीच्या वर्गावर अवलंबून असते. आठ आठे चौसष्ट, नऊ नव्वे एक्याऐंशी. चौसष्टाचे एक्याऐंशी झाले. म्हणजे पेट्रोल शेकडा पंचवीसहून अधिक वाढले! म्हणून जेट बदलताना एका वेळी एकच पायरी चढावी किंवा उतरावी. १०० च्या खाली ९८ मिळतो, वर १०२ मिळतो. एवढ्याशा पायरीनेही शेकडा चारचा फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. गॅरेजवर असे बोलणे नेहमी ऐकू येते.

"भाऊ, गाडी लय पेट्रोल पेते. काहीतरी कर ना बाप्पा."

"जेट बारीक करून देतो जी. पाहा मंग कशी चालते!"

कोणी लहान नंबरचा जेट घालतो. कोणी भोकात तांब्याच्या तारेचा एक धागा सारून देतो. गाडी आठ दिवस चार-दोन किलोमीटर जास्त देते. मालक खूश होतो. पण आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. माठातले पाणी झिरपून उडते आणि माठ गार राहतो, हे आपण रोज पाहतो. पेट्रोलही उडताना आतला भाग थोडा गार ठेवते. ते कमी पडले की जाळ कडक होतो. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो, आणि शेवटी जागच्या जागी आवळून बसतो. मागचे चाक एकदम थांबते. मे महिन्याच्या दुपारी, मागे दोन कॅन दूध आणि समोरून ट्रक, अशा वेळी चाक थांबले तर काय होईल ते सांगायला नको. वाचलेले पेट्रोल किती, आणि नव्या पिस्टनचा, बोअर करण्याचा खर्च किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत आणखी एक धोका आहे. त्यांचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. जेट बारीक केला की पेट्रोलबरोबर तेलही कमी पोचते. म्हणजे इकडे ताप वाढला आणि तिकडे तेल आटले. आरएक्स १०० ला तेलाचा वेगळा पंप आहे, तरी तापाचा धोका तिलाही आहेच.

हे आज जास्त जपून सांगावे लागते, त्याला कारण पेट्रोलच बदलले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते उसापासून, मक्यापासून, तांदळापासून बनते. २०२५ मध्ये हे प्रमाण शेकडा वीसपर्यंत पोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पंधरा भाग हवा लागत होती, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरते. म्हणजे जुना जेट जसाच्या तसा ठेवला तरी जुन्या गाडीला इंधन शेकडा आठ कमीच पडते. त्यातून जेट आणखी बारीक करणे म्हणजे उपाशी बैलाला नांगराला जुंपण्यासारखे आहे. जुन्या गाडीला आज बदल करायचाच असेल तर तो एक पायरी मोठ्या जेटचा असू शकेल, लहान जेटचा नव्हे.

मोठा हवा की नाही, हे कसे ओळखावे? प्लग सांगतो. गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर चांगली तापवून मूठ पुरी पिळून थोडा वेळ चालवावी. मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद करावे, बाजूला थांबावे, आणि निवल्यावर प्लग काढावा. टोक काजळासारखे काळे आणि कोरडे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी. भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलकटासारखे तपकिरी असेल तर जेट बरोबर आहे, त्याला हात लावू नये. हल्लीच्या पेट्रोलने रंग फिका उमटतो, म्हणून उन्हात नीट निरखून पाहावे. कानालाही कळते. चढावर मूठ पिळल्यावर किणकिण असा बारीक आवाज येत असेल, तर मिश्रण पातळ असल्याची शंका धरावी.

काळा प्लग दिसला म्हणून मात्र जेटवर एकदम दोष ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, आणि जिनिंगच्या आसपास कापसाचा फुफाटा. हवेची जाळी त्याने बुजते. हवा कमी गेली की पेट्रोल आपोआप जास्त दिसते. आधी जाळी साफ करावी. चोक पुरा मागे येतो का ते पाहावे. ब्रेक घासतो का, चाकात हवा आहे का, हेही पाहावे. गाडी जास्त पेट्रोल पिते अशा तक्रारी पुष्कळदा येथेच मिटतात.

चिखलदऱ्याला जाताना जेट बदलावा काय, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. चिखलदरा समुद्रापासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे, अमरावती साडेतीनशेच्या आत. वर हवा शेकडा सात-आठ पातळ असते. पातळ हवेची ओढही कमी असते, म्हणून पेट्रोलही थोडे कमी येते, आणि मिश्रणात फरक पडतो तो शेकडा चारच्या आसपास. आणि गंमत पाहा, अकोल्याची पौषातली पहाट दहा अंशांची आणि वैशाखातली दुपार पंचेचाळीस अंशांची. एवढ्यानेच हवा शेकडा दहा-अकरा पातळ होते. म्हणजे अकोल्याची गाडी घरी बसून दरवर्षी चिखलदऱ्याहून मोठा घाट चढते! तेव्हा एका दिवसाच्या सहलीसाठी जेट बदलू नये. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी राहायचे असेल तर गोष्ट वेगळी.

जेट साफ करताना सुई किंवा तार भोकात घालू नये. पितळ मऊ असते. एकदा भोक घासले गेले की अंगावरचा आकडा खोटा ठरतो. पेट्रोलने धुवावा आणि हवेच्या फुंकरीने उडवावा.

बदलायचाच ठरला तर कंपनीने दिलेला नंबर आधी गाडीच्या पुस्तकात पाहावा. मेकॅनिकला म्हणावे, "काढलेला जेट मले दाखवा." त्यावरचा आकडा स्वतः वाचावा. नव्याचाही वाचावा. बदलल्यावर पुन्हा प्लग पाहावा. जुना जेट फेकू नये. कागदात गुंडाळून, वर नंबर आणि तारीख लिहून, गाडीच्या कागदांबरोबर ठेवून द्यावा.