किडनी वाचवणारे ऑपरेशन आणि रक्त रोखणारा माल

ताग्याचे टोक चुरगळून, धागा ओढून पाहिल्याशिवाय माल उचलायचा नाही, ही आपल्या कापडवाल्यांची जुनी सवय. मात्र हाच व्यापारी दवाखान्यात गेला की पुढे येईल त्या कागदावर सही करतो आणि बिलात काय लिहिले होते ते घरी आल्यावर वाचतो. माझ्या चुलत भावाचे असेच झाले. त्याच्या किडनीतील गाठ निघाली, किडनी वाचली, अल्लाहचा शुक्र आहे. महिन्याभराने बिले लावताना फाइलमध्ये चिकटवलेल्या खोक्याच्या तुकड्यावर ‘पोर्साइन जिलेटिन’ असे शब्द सापडले. पोर्साइन म्हणजे डुकरापासूनचे. भाऊ दोन रात्री झोपला नाही. हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. पण माल कशाचा आहे हे आधी विचारणे, यालाच तर आपण व्यापार म्हणतो.

पूर्वी किडनीत गाठ निघाली की सबंध किडनी काढून टाकण्याचा रिवाज होता. आता साधारण चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल आणि जागा सोयीची असेल तर तेवढीच गाठ काढून बाकीची किडनी राखतात. गल्ल्यावर दिवसभर बसून शुगर आणि ब्लडप्रेशर मागे लावून घेतलेल्या आपल्या लोकांना याचे मोल मोठे आहे. एका किडनीवर माणूस जगतो हे खरे, पण उरलेली किडनी शुगरने पोखरली तर पुढे डायलिसिसची पाळी येऊ शकते.

अडचण रक्ताची आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांत जातो, म्हणजे मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून थोडे जास्त. अशा अवयवाला काप देणे म्हणजे चालू नळ मध्येच कापणे. म्हणून सर्जन बहुधा किडनीच्या धमनीला चिमटा लावून रक्त थांबवतात. हा चिमटा फार वेळ ठेवता येत नाही. पंचवीस-तीस मिनिटांच्या आत काम उरकावे असा दंडक आहे, नाहीतर जी किडनी वाचवायची तिलाच इजा होते. या घाईत टाक्यांच्या मदतीला रक्त रोखणारा माल येतो.

त्यातला एक माल चक्क कापड आहे. सर्जिसेल या नावाने ते ओळखले जाते. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात आणतात, त्यालाच आपण रेयॉन म्हणतो. त्या धाग्याची होजिअरीसारखी विणाई करून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की ते शरीरात विरघळण्याजोगे होते. या प्रक्रियेचा शोध अमेरिकेत कोडॅक कंपनीतील याकेल आणि केनियन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया फ्रांट्झ या महिला सर्जनने ऑपरेशनमधील त्याचा उपयोग मांडला. या कापडाची गुंडाळी करून किडनीच्या कापात बसवतात आणि तिच्यावरून टाके आवळतात. मऊ कपड्याला बटण लावताना शिंपी खाली पट्टी देतो, तसाच हा प्रकार. दोरा मांसात रुतत नाही. हा माल वनस्पतीचा, तेव्हा हलाल-हरामचा प्रश्न इथे उरत नाही.

दुसरा प्रकार जिलेटिनचा. स्पंज किंवा पिचकारीतून सोडायचा लेप, अशा दोन्ही रूपांत तो मिळतो. फ्लोसील नावाच्या लेपात गाय-बैलाच्या जातीच्या जनावराचे जिलेटिन आणि माणसाच्या रक्तातून काढलेले थ्रॉम्बिन असते. सर्जिफ्लो आणि जेलफोम यांतील जिलेटिन मात्र डुकराचे. काम तिन्हींचे जवळपास सारखे, पण खोक्यावरचा एक शब्द बदलतो.

तिसरा प्रकार फायब्रिनचा गोंद. अराल्डाइटच्या दोन नळ्यांसारख्या दोन सुया असतात. एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन, दोन्ही मानवी रक्तातले. एकत्र आले की गुठळी धरते. रक्तातून कावीळ पसरण्याच्या भीतीने अमेरिकेने १९७८ साली फायब्रिनोजेनचे परवाने रद्द केले होते. विषाणू मारण्याच्या पद्धती आल्यावर १९९८ मध्ये टिसील या गोंदाला तिथे परवानगी मिळाली. हा गोंद कोरड्या जागेवर धरतो. फ्लोसीलचे उलट आहे, त्याला गुठळी करायला रुग्णाचे ताजे रक्तच लागते. टॅकोसिल ही पट्टी मात्र घोड्याच्या कोलॅजनची, वर हेच दोन मानवी पदार्थ लावलेली.

यापैकी काहीही टाक्यांची जागा घेत नाही. मोठी नस उघडी असेल किंवा लघवीची पोकळी उघडली असेल, तर ती आधी शिवूनच घ्यावी लागते. नाहीतर लेपच लघवीच्या वाटेत अडकायचा. २००७ साली अमेरिका व युरोपातील दुर्बिणीच्या १३४७ ऑपरेशनांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी १०४२ मध्ये असा माल वापरला होता. वापर इतका सर्रास आहे, म्हणूनच आधी विचारायला हवे. टेबलावर रक्त वाहत असताना खोके वाचायला कोणाला सवड नसते.

मसल्याबद्दल मी मुफ्ती नाही. जान वाचवण्याच्या लाचारीत सूट आहे, हे सूरह अल-बकराची आयत १७३ जाणणारा प्रत्येक जण सांगेल. जिलेटिनबद्दल उलमांत दोन मते आहेत. १९८६ साली अम्मान येथे फिक्ह अकादमीने खाण्यात डुकराचे जिलेटिन नाजायज ठरवले. १९९५ च्या कुवेत येथील वैद्यकीय फिक्ह परिषदेने मात्र पदार्थाचे रूप समूळ बदलले तर तो पाक होतो, असे मत दिले. भावाने आपल्या मौलानांना विचारले, त्यांनी त्याला गुनाहगार ठरवले नाही. तरी मौलानांनी एक सवाल केलाच, दुसरा माल होता का? त्याचे उत्तर भावापाशी नव्हते, कारण त्याने विचारलेच नव्हते.

तेव्हा तारीख ठरताच सर्जनला स्पष्ट सांगावे की पर्याय असेल तर डुकराचा माल नको, आणि तसे केसपेपरवर लिहून घ्यावे. निर्णय शेवटी त्यांच्या हाती सोडावा. खोक्यावर पोर्साइन म्हणजे डुक्कर, बोव्हाइन म्हणजे गाय-बैल, इक्वाइन म्हणजे घोडा. बोव्हाइनचा प्रश्न आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही पडू शकतो, त्यांच्याही कानावर घालावे.

घरी आल्यावर लगेच गाठोडी उचलू नयेत. एक-दोन आठवड्यांनी लघवी लाल झाली तर ती उष्णता समजून बार्लीचे पाणी पीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आतली नस फुगून फुटल्याची ती खूण असू शकते. आणि खोक्याचा तो तुकडा फाडून टाकू नये. सर्जिसेलसारखा माल काही काळ आत राहिला तर स्कॅनमध्ये पू झाल्यासारखा किंवा गाठ परत आल्यासारखा दिसतो. भावाने रागाच्या भरात तुकडा काढायला घेतला होता, वहिनीने फाइल हातातून ओढून घेतली. पुढच्या स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी तोच तुकडा आधी मागितला.