विसावा हवा, जू नको?

प्रश्न : आमच्या मंडळीत उपदेश फक्त आशीर्वाद आणि आरोग्यावर होतो. क्षमा, दान, सेवा असे विषय निघाले की लोक नाराज होतात. श्रद्धेत सांत्वन शोधणे चूक आहे का?
– एक वाचक, बीड

उत्तर : मुळीच नाही. मत्तय 11:28 मध्ये येशू थकलेल्यांना विसावाच देऊ करतो. पण लगेच पुढच्या वचनात आपले जू घ्यायलाही सांगतो. पहिले वचन भिंतीवर टांगायचे आणि दुसरे गाळायचे, इथे गफलत होते.

जू घेणे म्हणजे किंमत मोजूनही देवाची आज्ञा पाळणे. मराठी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तस्वकीय दुरावले. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. म्हणजे आज्ञा देवाची पाळायची. पाळकांचा किंवा संस्थेचा प्रत्येक शब्द झेलणे हे आज्ञापालन नव्हे.

बीडमध्ये हे जू घेण्याची कसोटी दूर शोधायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची, शाळकरी मुलांची विचारपूस तुमची मंडळी करते का? मग ती ख्रिस्ती असोत वा नसोत. यंदा हे काम पाळकांना सुचवा आणि स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा.