घरातील पाण्याचा साठा व शुद्धीकरण

आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथे मुक्कामास असते. त्या वेळी गावाची पाण्याची गरज कित्येक पटींनी वाढते. नळाचे पाणी अपुरे पडल्यास घरचा साठाच आधार ठरतो. प्रत्येकी रोज ३ लिटरप्रमाणे पाच माणसांना तीन दिवस केवळ पिण्यासाठी ४५ लिटर पाणी लागते. गढूळ पाणी प्रथम तुरटीने निवळून गाळावे. कारण गढूळपणात क्लोरीन वाया जाते. नंतर ते खळखळून उकळावे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीनचे द्रावण घालून किमान अर्धा तास ठेवावे. मात्र शुद्ध पाण्यात हात बुडाला की सारे श्रम व्यर्थ जातात. म्हणून भांड्याला झाकण व पाणी काढण्यास ओगराळे हवेच. शिक्षकांनी वर्गात व पंचांनी ग्रामसभेत याचे प्रात्यक्षिक दाखवावे.