सोनोग्राफी नॉर्मल, मग पोट का दुखते?

वस्तीत फिरताना आम्हाला हे नेहमी ऐकू येते, "सोनोग्राफी नॉर्मल आली, पण दुखणं काही थांबत नाही." विडी वळणाऱ्या एका ताईंचे असेच झाले. पाठ-मान दुखते म्हणून त्या रोज वेदनाशामक गोळी घेत. रात्री पोटात आग पडे. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून त्यांनी गोळ्या चालूच ठेवल्या. एका रात्री पोट फळीसारखे कडक झाले. घरच्यांनी सोडा पाजला, तेल चोळले आणि सकाळी दवाखाना गाठला. आतडे फुटले होते. ऑपरेशन होऊन ताई वाचल्या. पण वेळ हातातून जाता जाता राहिली.

जठर संपते तिथे लहान आतडे सुरू होते. त्याचा पहिला, साधारण २५ सेंटिमीटरचा वळणदार भाग म्हणजे ड्युओडेनम. जठरातले आम्ल आधी इथे उतरते. इथला व्रण म्हणजे अल्सर. तो बहुधा कॅन्सरचा नसतो. नुसत्या तिखटाने किंवा काळजीने तो होत नाही. मुख्य कारणे दोन : एच. पायलोरी हा जंतू आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. विडी-सिगारेट ओढल्याने धोका वाढतो. जंतूचा शोध लावणाऱ्या डॉ. मार्शल आणि डॉ. वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले.

कोणत्या तपासणीत काय दिसते?

• सोनोग्राफी : पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंड दिसते. आतड्यात हवा असते, म्हणून व्रण सहसा दिसत नाही.
• दुर्बीण (एंडोस्कोपी) : व्रण प्रत्यक्ष दिसतो. लहानसा तुकडा काढून जंतूही तपासता येतो. उपाशीपोटी जावे लागते.
• उभ्याने एक्स-रे : आतडे फुटले असेल तर छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसते. ताईंचे निदान यातूनच झाले. कधी कधी हवा दिसत नाही. तेव्हा सीटी स्कॅन करतात.
• बेरियम किंवा सीटी स्कॅन : जुना व्रण किंवा टीबीमुळे वाट अरुंद झाली असेल तर कळते. आदल्या दिवशीचे अन्न उलटून पडत असेल तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर एक्स-रे, सीटीआधी सांगा. कोणत्या गोळ्या घेता तेही लपवू नका. जंतू सापडला तर औषधांचा कोर्स पूर्ण करा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

अचानक असह्य कळ, कडक पोट, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच : यांपैकी काहीही झाले तर सोडा नको, अंगारा नको. तोंडाने काही न देता रात्रीच सिव्हिल गाठा.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी शिकवले. आपल्या पोटाच्या बाबतीतही तेच करू या. नॉर्मल रिपोर्ट हातात असूनही दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारा : "दुर्बिणीने बघायला हवे का?"

नमो बुद्धाय! जय भीम!