तांत्रिक लेख आणि त्याचे प्रकाशन

अभियंत्याला कामाच्या ओघात जे नवे गवसते ते त्याच्या टाचणवहीतच राहिले, तर त्याच्या निवृत्तीबरोबर ते ज्ञानही व्यवहारातून निवृत्त होते. पुढच्या पिढीतील अभियंत्याला मग तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवावा लागतो आणि पुष्कळदा तीच चूकही पुन्हा करावी लागते. हे टाळण्यासाठीच तांत्रिक नियतकालिके निर्माण झाली. त्यांच्याकडे पाठवावयाचा लेख कसा असावा, हे नियमांच्या यादीपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक चांगले उमगते.

असे एक उदाहरण ऑक्टोबर १९४५ च्या 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात सापडते. १९११ मध्ये 'मार्कोनिग्राफ' या नावाने सुरू झालेले हे मासिक रेडिओ क्षेत्रातील अभियंते, तंत्रज्ञ आणि हौशी अभ्यासक वाचीत असत. त्या अंकात आर्थर सी. क्लार्क यांचा अवघ्या चार पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध झाला. क्लार्क त्या वेळी सत्तावीस वर्षांचे असून ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम करीत होते. पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२,००० किलोमीटर अंतरावर, विषुववृत्ताच्या पातळीत फिरणाऱ्या उपग्रहाला एका प्रदक्षिणेस एक दिवस लागेल. त्यामुळे तो पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी स्थिर दिसेल. अशी तीन केंद्रे योग्य अंतराने ठेवल्यास जवळजवळ सर्व जगाला रेडिओ व दूरचित्रवाणीचे संदेश पोचविता येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कल्पना अद्भुत होती, पण लेखाची मांडणी मात्र अगदी रोखठोक होती. लेखकाने आरंभ रॉकेटने केला नाही. तो केला वाचकाच्या परिचयाच्या अडचणीने. आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या लहरींवर दूरवरचे संभाषण चालू शकते, पण ते भरवशाचे नसते. आणि दूरचित्रवाणीच्या लहरी तर क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. ही अडचण ज्याला रोज भेडसावते तो वाचक पुढचा परिच्छेद वाचणारच. संपादकही लेख हाती घेताना प्रथम हेच पाहतो, की आपल्या वाचकाच्या कोणत्या प्रश्नाला यात उत्तर आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. कक्षेची त्रिज्या, केंद्रांची रेखांशे, प्रक्षेपणास लागणारी शक्ती, जमिनीवरील ग्राहक आरशाचा व्यास यांचे हिशेब लेखात दिलेले होते आणि आकृत्याही जोडलेल्या होत्या. वाचकाला पटले नाही तर तो स्वतः गणित करून पाहू शकत होता. 'पुष्कळ', 'अत्यल्प', 'समाधानकारक' अशा शब्दांनी भरलेल्या लेखाला ही कसोटी लावताच येत नाही.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रेडिओलहरी आयनांबर भेदून अवकाशात जातात याचा थेट पुरावा अद्याप मिळालेला नाही, असे क्लार्क यांनी स्पष्टपणे नमूद केले. सारी योजना ज्या गृहीतावर उभी होती, त्याच गृहीताची उणीव त्यांनी झाकली नाही. उलट, पुरेशी शक्ती वापरून चंद्रावरून प्रतिध्वनी मिळतो का ते पाहावे, असा प्रयोगही सुचविला. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागाने न्यू जर्सीतून असा प्रतिध्वनी खरोखरच मिळविला. लेखातील शंका प्रामाणिकपणे मांडली, तर ती लेखाला दुबळा करीत नाही. पुढे काय तपासावयाचे ते ती सांगते.

चौथी गोष्ट पूर्वसूरींच्या ऋणाची. ही कक्षा क्लार्क यांनी प्रथम शोधलेली नव्हती. हेर्मान पोटोच्निक यांनी 'नूरडुंग' या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले होते, आणि क्लार्क यांच्या संदर्भसूचीत त्या पुस्तकाचा उल्लेख आहे. नवे म्हणजे नेमके काय, हे त्यामुळेच वाचकाला कळते.

लेख सिद्ध झाल्यावरही काही सोपस्कार उरतात. क्लार्क यांना सैनिकी तपासणीची संमती घ्यावी लागली. आजही कारखान्यात किंवा सरकारी खात्यात काम करणाऱ्याने वरिष्ठांची लेखी अनुमती आधी मिळवावी. एकच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवू नये. संपादकाने सुचविलेले बदल अपमान समजू नयेत. क्लार्क यांच्या लेखाचे मूळ शीर्षकही छापताना बदलले होते.

आणखी एक सावधगिरी आहे. युक्ती छापून आली की ती सर्वांची होते, आणि नंतर तिच्यावर पेटंट मिळणे सामान्यतः शक्य नसते. म्हणून पेटंट घ्यावयाचे असेल, तर त्यासाठीचा अर्ज लेखाच्या आधी गेला पाहिजे. क्लार्क यांनी पेटंट घेतले नाही. या लेखाबद्दल त्यांना मिळाले ते पंधरा पौंड. अर्थात, त्या काळच्या ब्रिटिश पेटंटाची सोळा वर्षांची मुदत १९६१ च्या सुमारास संपली असती, आणि चोवीस तासांच्या कक्षेत यशस्वीपणे काम करणारा पहिला उपग्रह, 'सिनकॉम-२', १९६३ मध्ये सोडला गेला.

लेखातील सर्वच गोष्टी खऱ्या ठरल्या नाहीत. केंद्रांवर माणसे राहतील असे क्लार्क यांना वाटले होते. ट्रान्झिस्टर अवतरला तो १९४७ मध्ये. ग्राहक आरसा एक फूट व्यासाचा पुरेल असा त्यांचा हिशेब होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात 'एटीएस-६' या उपग्रहावरून भारताच्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली, तेव्हा तेथे सुमारे दहा फूट व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या थाळ्या बसवाव्या लागल्या. पण ओरिसातील वा राजस्थानातील खेडूत ज्या पडद्यासमोर जमले, त्यावरील चित्र भूस्थिर कक्षेतूनच येत होते.

तांत्रिक लेख निर्दोष असावा लागतो असे नाही. तो इतका स्पष्ट असावा, की त्यातील दोष दुसऱ्याला शोधता यावेत आणि त्यातील सत्य दुसऱ्याला वापरता यावे.